दोन ठोके, मग एक

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली बाई नाही. या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि बऱ्याचदा हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागून आलेली हाक... चालू द्या तुमचं! मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि नऊ वर्षं अकरा हजार व्होल्टच्या शेजारी खुर्ची टाकून नोकरी करतेय. घाबरायचं कशाला, हे मला नोकरीनंच शिकवलंय. त्यात भुतं कधी नव्हती.

तरी लिहितेय. गेल्या मे महिन्यात जे झालं त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आणि ते सांगायचं तर त्याच्या दोन वर्षं आधीची एक गोष्ट सांगावी लागते, जी मी कित्येक दिवस कुणालाच, अगदी नवऱ्यालासुद्धा, सांगितली नव्हती. ती वाचून तुम्ही मला नावं ठेवलीत तरी चालेल. मी स्वतः रोज ठेवते.

जागा नीट समजून घ्या. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की बारा-तेरा किलोमीटरवर हायवे सोडून आत एक फाटा जातो. गावाचं नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत. गावाबाहेर आमचं वीज उपकेंद्र आहे, म्हणजे सगळ्यांच्या भाषेत सबस्टेशन. चारी बाजूंना कपाशीची शेतं. एक कंट्रोल रूम, तिच्या खिडकीसमोर खडी पसरलेलं यार्ड आणि यार्डात लोखंडी सांगाडे, ज्यांच्यावरून तारा बाहेर पडतात. गेटला आतून कुलूप असतं. दिवसपाळीला मी एकटीच ऑपरेटर.

माझं काम ऐकायला सोपं आहे. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो फोनवर परमिट मागतो, मी त्या लाइनचा स्विच बंद करते, त्यावर लाल पाटी अडकवते आणि वहीत नंबर लिहिते. काम उरकून खाली उतरला की तो फोन करतो, "परमिट परत." मग मी लाइन चालू करते. म्हणजे तो वर असतो तेव्हा त्याचा जीव माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत असतो. हे पहिल्या दिवशी कळतं, आणि हळूहळू त्याची सवय होते. ही सवयच वाईट.

लोकांना वाटतं लाइट वादळानं जाते. वादळ वर्षातून मोजके दिवस येतं हो. बाकी वेळी आमची लाइट घालवतात ती जनावरं! डीपीवर, म्हणजे दोन खांबांमध्ये बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर, एक खार चढते, पुढचे पाय तारेला आणि शेपूट लोखंडाला लागतं, की तीन गावं अंधारात. कावळे घरट्यात तारांचे तुकडे आणून ठेवतात. साप अंड्यांच्या मागे खांबावर चढतो. आणि वानरं... वानरांचं तर विचारूच नका. लिंबाच्या झाडावरून थेट तारांवर उडी.

या सगळ्यांचा बंदोबस्त करणारा आमच्याकडे एकच माणूस होता, लाइनमन सुपडू नाना. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगकाठी, मिशा मात्र भरघोस. तारांवर प्लास्टिकच्या नळ्या चढवणं, ट्रान्सफॉर्मरवर कव्हर बसवणं, खांबांना बाभळीच्या काट्या बांधणं, झाडांच्या फांद्या छाटणं — हे सगळं ते कुणी न सांगता करायचे. मी नवी होते तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला कंट्रोल रूममधून डब्यासकट बाहेर काढलं होतं.

"आठे डबा नको खाऊ, माय. खरकटं पडस, उंदीर येस. उंदीरना मांगे साप येस."

मी जळगावची. हे "पडस" आणि "येस", इकडची अहिराणी, मला तेव्हा नवं होतं. पण "माय" कळलं. आमच्याकडे लहान मुलीलाही लाडानं माय म्हणतात. सासरी, माहेरी, ऑफिसात कुणीच मला तशी हाक मारत नव्हतं.

नानांची एक पद्धत होती. काम उरकून खाली उतरले की ते मला फोनवर सांगायचे, "परमिट परत, माय. पन थांब. खांबवर कोनी शे का ते दखू दे." फोन चालूच ठेवून खिशात टाकायचे, आणि हातातला लोखंडी पाना खांबावर मारायचे. दोन ठोके लागोपाठ. मग थोडं थांबून एक. ठण्-ठण्... ठण्. फोनमधून मला स्पष्ट ऐकू यायचं. वर बसलेलं वानर, खार, पाखरू जे असेल ते पळायचं. मग सगळे पळाल्याचं बघून नाना म्हणायचे, "बठ्ठा निंघी गयात. आते चालू कर."

मी एकदा विचारलं, तीनच का, आणि मध्ये थांबायचं कशाला?

"दोन उठाडासाठे," नाना म्हणाले. "आन् एक बहिरासाठे."

बहिऱ्यासाठी वेगळा ठोका, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

आता ती दोन वर्षांपूर्वीची दुपार. उन्हाळा, लाइट गेलेली आणि गावातून फोनवर फोन. मी मुळात तापट. घरी म्हणतात, हिला चटका बसायला वेळ लागत नाही. त्यात एका माणसानं फोनवर सुरू केलं, "ओ बाई, झोपनी काय? लाइट कव्हय येई?" आणि पुढे माझ्या आईबापांपर्यंत गेला. माझं डोकं फिरलं. त्याच वेळी दुसऱ्या फोनवर नाना होते. "परमिट परत, माय. पन थांब..."

मी थांबले नाही.

खरं कारण एवढंच, की त्या शिव्या देणाऱ्याचं तोंड बंद करायचं होतं. मी लाल पाटी काढली आणि स्विच फिरवला. पुढच्याच क्षणी हूटर वाजला आणि लाइन पुन्हा पडली, म्हणजे आपोआप बंद झाली. फोनमधून ठोके आलेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मग नानांचा आवाज, अगदी हळू. "माय... काय करं तू?"

डीपीवर एक वानरी बसली होती, पोटाला पिल्लू. नाना खिशातून पाना काढत होते, तेवढ्यात ते झालं. वानरी जागेवर गेली. पिल्लू संध्याकाळपर्यंत होतं, मग तेही गेलं.

आमच्याकडे वानर तारेला चिकटून मेलं की गाव त्याला तसंच टाकून देत नाही. मारुतीचं माणूस ते. वानरीला नवं कापड पांघरलं, पिल्लू तिच्या कुशीत ठेवलं, हार घातले आणि तिरडीवरून मारुतीच्या देवळामागे नेऊन पुरलं. अख्खं गाव होतं. काही बाप्यांनी डोकी भादरली. लोक विचारत होते, लाइट चालू कुणी केली? आमचे इंजिनिअर साहेबही आले होते. मी गर्दीच्या मागे उभी होते. आणि नाना सगळ्यांपुढे म्हणाले, "चूक मन्ही शे. मन्हाकडतून उशीर झाया."

मी गप्प बसले. वहीत वेळ लिहिली होती माझ्याच अक्षरात, पण वही कुणी मागितली नाही आणि मी दिली नाही. नानांना एक मेमो आला. दहाव्याला त्यांनी डोकं आणि मिशा दोन्ही उतरवल्या. मिशांशिवाय ते कुणी दुसरेच दिसत होते.

मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. काम पूर्वीसारखंच, ठोके पूर्वीसारखेच. फक्त त्या दिवसापासून ते मला "मॅडम" म्हणायला लागले. "परमिट परत, मॅडम. थांबा." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं, खरंच सांगते. रोज ठरवायचे, आज माफी मागू. रोज राहून जायचं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नाना आजारी पडले, आणि थंडी संपायच्या आत गेले. मी भेटायला गेले होते एकदा. मोसंबी ठेवली, तब्येतीचं विचारलं आणि परत आले.

दिवस झाल्यावर त्यांच्या बायकोनं, सगळे त्यांना जिजी म्हणतात, तो पाना सबस्टेशनला आणून दिला. "हाऊ पाना तुम्हीच ठेवा. ते म्हनेत, सबस्टेशननी वस्तू शे." मी तो कंट्रोल रूमच्या फळीवर ठेवला. वापरायला कुणाला दिला नाही.

नानांच्या जागी विलास आला. पस्तिशीचा, धुळ्याकडचा, कामात चलाख, आणि आपण चलाख आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत. मी त्याला पहिल्याच आठवड्यात म्हटलं, की चालू करायला सांगण्याआधी खांबावर पाना मारत जा, नाना तसं... पुढचं त्यानं बोलूच दिलं नाही. "मॅडम, मी लाइनमन आहे. देवळात घंटा वाजवणारा पुजारी नाही." मग मी माझ्यापुरता नियम केला, परमिट परत आलं तरी पाच मिनिटं थांबायचं. त्यावर या पठ्ठ्यानं साहेबांकडे तक्रार केली की मॅडम उगाच लाइट लांबवतात. साहेबांनी मला झापलं, परमिट परत आलं की लाइन ताबडतोब चार्ज, म्हणजे चालू. तेव्हापासून विलासचा आणि माझा अबोला. तो नंबर सांगायचा, मी नंबर लिहायची, फोन बंद. नानांची पद्धत त्यांच्याबरोबर गेली असंच मी धरून चालले.

आता गेल्या मे महिन्यातली ती दुपार. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत असेल. दुपारी दोन वाजता कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं आणि पत्र्याखाली बसलेल्या माणसाला स्वतःचा श्वास गरम लागतो. दोन वाजून दहा मिनिटांनी लाइन पडली. एकदा चालू करून पाहिली, पुन्हा पडली. विलासनं परमिट घेतलं. पुढच्या वेळा मी वहीत पाहून लिहितेय. दोन पन्नासला त्याचा फोन, "नाल्याकाठची डीपी. खार होती, काढली. परमिट परत. चार्ज करा." फोन बंद.

मी उठले. लाल पाटी काढली. स्विचवर हात ठेवला.

ठण्-ठण्... ठण्.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे टेबलावरचा फोन पाहिला. सवयच ती. हा आवाज फोनमधूनच यायचा. रिसीव्हर जागेवर होता. फोन बंद होता.

मी बाहेर आले. यार्डात ऊन नुसतं उभं होतं. कुणी नाही. गेटला कुलूप, किल्ली माझ्या पर्सला. सांगाड्यांवर पाखरूही नव्हतं. म्हटलं, ऊन आहे, लोखंड ताणलं जातं, आवाज करतं. आत आले. या वेळी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे यार्ड पूर्ण दिसेल. हात स्विचवर ठेवला.

ठण्-ठण्.

मी समोर बघत होते हो! समोरचा सांगाडा, त्याच बंद लाइनचा, त्यातून आवाज आला. कुणी नव्हतं. मग तेवढंच थांबणं. तेवढंच, जेवढं नाना थांबायचे.

ठण्.

माझा हात आपोआप मागे आला. फळीवर पाना होता, तिथेच, मी ठेवला तसाच. मी तो उचलला आणि खाली ठेवला, कारण तो गरम होता. आता मेमध्ये आमच्या खोलीत टेबलही गरम असतं, खुर्चीही. त्यामुळे पान्याचं काही नाही, ते सोडून द्या. पण मी विलासला फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. चारदा, पाचदा... नाही. परमिट परत दिलेला माणूस गाडीवर असेल, वाऱ्यात ऐकू येत नसेल, घरी जेवायला गेला असेल. शंभर कारणं होती. तरी मी स्विचला हात लावला नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन. "मॅडम, परमिट परत आलंय ना? विलास मला सांगून मोकळा झाला. मग लाइट का नाही?"

"साहेब, लाइनवर माणूस आहे."

"कोण म्हणतं?"

"मला वाटतं, साहेब."

"वाटतं?" साहेब ओरडले. "खाली लग्नघर आहे, दवाखाना आहे, लोक माझ्या डोक्यावर बसलेत आणि तुम्हाला वाटतं? आत्ताच्या आत्ता चार्ज करा!"

"मी करणार नाही. विलास स्वतः फोनवर बोलला की करीन. तुम्ही या, तुमच्या हातानं करा." हे मी म्हटलं. माझ्या तापट तोंडाचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

"लेखी द्या मग!" म्हणून त्यांनी फोन आपटला. मी वहीत लिहिलं, 'लाइनवर माणूस असल्याची शंका. चालू केली नाही.' सही केली. अक्षर वेडंवाकडं आलंय, आजही दिसतं. मग गावातून फोन सुरू झाले. तेच प्रश्न, त्याच शिव्या. मी या वेळी एकेक फोन उचलून ऐकून घेत होते. एक माणूस खूप घाण बोलला. मी त्याला म्हटलं, बोला दादा, मी बसलेय इथे.

तीन वाजून सहा मिनिटांनी विलासचा फोन आला. आधी नुसती धाप. मग तो बोलला, आणि नेहमीची ऑफिसातली मराठी त्याच्या तोंडून पार गळून पडली होती.

"मॅडम... चालू तं नही करी ना? मॅडम, मी वर व्हतू. मी खांबवर व्हतू."

मी खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर.

अर्ध्या तासानं, दुसऱ्यांदा नीट परमिट परत देऊन, लाइट चालू झाल्यावर तो सबस्टेशनला आला. दोन्ही हातांवर ओरखडे, शर्ट फाटलेला. मी तांब्याभर पाणी दिलं. ते त्यानं अर्धं प्यायलं, अर्धं डोक्यावर ओतलं. मग सांगायला लागला.

मला फोन करून तो गाडीकडे गेला होता. डीपीचा स्विच टाकून झाला होता, म्हणजे मी इकडून चालू केलं की तिथे वीज पोचणार. मोबाइल त्यानं गाडीच्या डिकीत टाकला, आणि निघणार तेवढ्यात वर दिसलं, की लिंबावरची वानरं डीपीवर उतरलीत आणि एक पिल्लू अडकलंय. ट्रान्सफॉर्मरवरचं कव्हर त्यानंच मागच्या महिन्यात बसवलेलं, जनावरांना वीज लागू नये म्हणून. त्याची नायलॉनची पट्टी त्यानं घाईत सैल सोडली होती. त्या फासात पिल्लाचा पाय गेला होता आणि ते ओरडत होतं. विलास म्हणाला, दोन मिनिटांचं काम, म्हणून चढलो. डिकी उघडून फोन काढायचा, कुलूप काढून स्विच ओढायचा, एवढा दम धरवला नाही. वर गेल्यावर पिल्लानं ओचकारलं, त्याची आई अंगावर आली, पट्टी तुटेना. ती तोडता तोडताच त्याला आठवलं, की आपण परमिट परत दिलंय. तेव्हा त्याचा हात उघड्या तारेपासून वीतभर होता, आणि खाली उतरायला तीच एक बाजू मोकळी होती.

"मला वाटलं, संपलं," तो म्हणाला. "तुम्ही तर बोललं की लगेच टाकता. पिल्लाला तसंच धरून डोळे मिटून बसलो. मग म्हटलं, अजून नाही टाकली, तर तोडून तरी टाकू."

पिल्लू सुटलं. आईच्या पोटाला चिकटून गेलं.

मी त्याला ठोक्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. खरं तर सांगणारही नव्हते, उद्या गावभर झालं असतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिकडे कुणाला पाठवलं होतं का?"

"कुणाला पाठवणार? का?"

"मी तर गाडीला किक मारत होतो. वर बघायचं मला काही कारणच नव्हतं. मागून खांबावर कुणीतरी वाजवलं, म्हणून वळलो. वळलो तर कुणी नाही, आणि वर पिल्लू."

"कसं वाजवलं?"

त्यानं रिकामा तांब्या टेबलावर टेकवला आणि बोटाच्या पेरानं त्याच्यावर वाजवून दाखवलं. दोन. मग थांबला. मग एक.

लक्षात घ्या, विलासनं नानांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचे ठोके त्यानं कधी ऐकले नव्हते, आणि मी सांगायला गेले तेव्हा त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. मी त्याच्यासमोरच रडायला लागले. तो घाबरला बिचारा. त्याला वाटलं, मेमोच्या भीतीनं रडतेय.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. नानांवर. म्हणजे बघा ना, विलासला वाचवायचं होतं असं म्हणावं, तर तो गाडीला किक मारून सुखरूप निघालाच होता! ठोके वाजले म्हणून तो वळला, वळला म्हणून चढला. त्याला मरणाच्या दारात नेलं त्याच ठोक्यांनी. आणि मग तेच ठोके दुसऱ्या टोकाला, माझ्यासमोर. मी ऐकलं नसतं तर? लोखंड तापलंय म्हणून सोडून दिलं असतं तर? साहेबांना घाबरले असते तर? एका पिल्लासाठी एका बायकापोरांच्या माणसाचा जीव कुणी असा दुसऱ्याच्या हातात ठेवतं का? आणि कुणाच्या हातात? ज्या हातानं आधी एकदा...

तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी जिजींकडे गेले. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, पण मेमधलं नाही. ते आधी सांगण्याचा मला हक्क नव्हता. वानरीचं सांगितलं. नानांचा उशीर झाला नव्हता, मी थांबले नव्हते, ते खोटं बोलले आणि मी ते बोलू दिलं. इतक्या दिवसांचं सगळं एका दमात. जिजी शेंगा फोडत राहिल्या.

"माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "ते घर येल व्हतात, तव्हय सांगं त्यास्नी."

मी म्हटलं, ते मला त्यानंतर कधी माय म्हणाले नाहीत.

"तठे नही म्हनेत. घरमा मायच म्हनेत." त्यांनी मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "आजारी व्हतात, मी इचारं, आते तुम्हना मांगे त्या मुक्या जीवस्ले कोन दखी? तं म्हनेत, माय शे ना. एक डाव चुकनी. आते थांबी ती."

आता थांबेल ती.

दाणे मी हातात तसेच धरले. मग मेमधलं सगळं जिजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

तर असं आहे. मला कारणे दाखवा नोटीस आली होती, विलासनं साहेबांपुढे उभं राहून खरं ते सांगितलं आणि ती बंद झाली. मी पुढचे आठ दिवस रोज दुपारी दोन पन्नासला यार्डात उभी राहून ऐकलं. तापलेलं लोखंड कडकड करतं, तसले आवाज मी खूप ऐकले. दोन लागोपाठ आणि मग थांबून एक, असं एकदाही नाही. आमच्या यार्डापासून नाल्याकाठची डीपी साडेचार किलोमीटर आहे. तारेतून आवाज एवढा लांब येतो का, हे मी दोन इंजिनिअरांना विचारलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. वाचकांपैकी कुणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा. माझ्याजवळ नाही. मी अजूनही भुतं मानत नाही, पण त्या दिवशी मला कुणी थांबवलं ते मला सांगता येत नाही.

विलास आता काम उरकलं की फोन चालू ठेवून खिशात टाकतो आणि खांबावर पाना मारतो. नानांचाच पाना, मी दिलाय त्याला. दोन, मग एक. "सगळे गेले, ताई. चालू करा." त्यानंतरही मी स्विचवर हात ठेवून थोडी उभी राहते, यार्डाकडे बघत. काही ऐकू येत नाही. त्या दुपारनंतर कधीच आलं नाही. जवळ कुणी नसेल तर मोठ्यानं म्हणते, "थांबले मी, नाना."

मग चालू करते.